सत्तेची खिल्ली आणि भीतीचे चित्रण: अमेरिकेतील राजकीय उपहास व माहितीपटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सत्तेला जाब विचारणारा माहितीपट करू पाहणारे, रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांवर गदा आल्याच्या बातम्या वाचून गोंधळलेले आणि चित्रपट-माध्यम शिकणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. कायद्याचे तपशील राज्यागणिक बदलतात. कॅमेरा बाहेर काढण्याआधी त्या राज्यातल्या माध्यम-कायद्याच्या वकिलाला कागद एकदा दाखवाच.

राष्ट्राध्यक्षांची किंवा मंत्र्यांची उघड टिंगल केली तर तुरुंगात जावे लागते का?

नाही. राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची आहे, पण आज तिच्यामुळे मिळते ते संरक्षण विसाव्या शतकातल्या निकालांनी उभे केले. त्यातले तीन लक्षात ठेवा.

पहिला १९५२ चा, बर्स्टिन विरुद्ध विल्सन. त्याआधी १९१५ पासून चित्रपट हा निव्वळ धंदा मानला जाई आणि राज्यांची सेन्सॉर मंडळे तो सर्रास कापत. १९५२ मध्ये चित्रपटाला अभिव्यक्तीचे संरक्षण मिळाले.

दुसरा ९ मार्च १९६४ चा, न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन. नागरी हक्क चळवळीसाठी निधी मागणाऱ्या एका जाहिरातीत तपशिलाच्या किरकोळ चुका होत्या. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या आयुक्तांनी दावा लावला आणि ज्युरीने ५ लाख डॉलर्सची भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. तेव्हापासून सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा असेल, तर विधान खोटे होते एवढे सांगून भागत नाही. ते खोटे आहे हे ठाऊक असताना, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता केले, हे सिद्ध करावे लागते.

तिसरा १९८८ चा, हसलर विरुद्ध फॉलवेल. एका प्रसिद्ध धर्मोपदेशकाबद्दल अत्यंत ओंगळ विडंबन छापून आले होते. ‘मनस्ताप झाला’ म्हणून भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. ज्यावर कोणी शहाणा माणूस खरी घटना म्हणून विश्वास ठेवणार नाही, अशा विडंबनाला संरक्षण आहे. अमेरिकी उपहासकार आजही याच निकालाच्या बळावर उभा आहे.

कायदा इतका भक्कम असेल, तर लोक घाबरतात कशाला?

कारण खटला जिंकला तरी तो लढण्याचा खर्च खिशातूनच जातो, आणि दाबायचे असेल तर सत्ता बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढतच नाही. ती मालकाला गाठते, जाहिरातदाराला गाठते, कंपनीच्या विलीनीकरणाची फाइल अडवते. हे समजल्याशिवाय या क्षेत्रातले काहीच समजत नाही, म्हणून जरा सविस्तर.

सीबीएस वाहिनीने व्हिएतनाम युद्धाच्या काळात स्मदर्स बंधूंचा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम एप्रिल १९६९ मध्ये बंद केला. कोणालाही अटक झाली नाही. बंधूंनी करारभंगाचा दावा लावला आणि १९७३ मध्ये जिंकला. तोवर कार्यक्रम, प्रेक्षक आणि ती वेळ, सगळे हातचे गेले होते.

२००४ मध्ये डिस्नेने आपल्याच मिरामॅक्स कंपनीला माहितीपटकार मायकेल मूर यांचा ‘फॅरनहाइट ९/११’ वितरित करू दिला नाही. मिरामॅक्स चालवणाऱ्या वाइनस्टीन बंधूंनी हक्क विकत घेऊन तो दुसऱ्या वितरकांमार्फत आणला. त्याच वर्षी त्याला कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि अमेरिकेतच त्याने सुमारे ११.९ कोटी डॉलर्सचा गल्ला जमवला. म्हणजे प्रेक्षक नव्हते म्हणून डिस्नेने तो नाकारला, असे म्हणता येत नाही.

२०१७ मध्ये कोळसा उद्योजक बॉब मरे यांनी एचबीओवरचे विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर यांच्यावर वेस्ट व्हर्जिनियात दावा लावला. २०१८ मध्ये तो फेटाळला गेला. तरीही वकिलांवर २ लाख डॉलर्सहून अधिक खर्च झाला आणि विम्याचा हप्ता तिप्पट झाला, असे ऑलिव्हर यांनी पुढच्या वर्षी कार्यक्रमातच सांगितले. मागे एचबीओसारखी वाहिनी होती म्हणून हे पेलले. चार जणांच्या माहितीपट-टोळीचे अशा दाव्यात दिवाळे निघते.

२०२५ मध्ये हेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसले. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने जुलैमध्ये, ट्रम्प यांनी सीबीएसवर लावलेल्या दाव्यात, त्यांच्याशी १ कोटी ६० लाख डॉलर्सची तडजोड केली. त्या वेळी कंपनीच्या स्कायडान्सशी विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळायची होती. सीबीएसवरच रात्रीचा विनोदी कार्यक्रम करणाऱ्या स्टीफन कोल्बेअर यांनी त्या तडजोडीवर जाहीर टीका केली आणि काही दिवसांतच, १७ जुलैला, त्यांचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये संपणार असे सीबीएसने कळवले. निर्णय केवळ आर्थिक असल्याचे वाहिनीचे म्हणणे आहे. २४ जुलैला विलीनीकरण मंजूर झाले. ही साखळी कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेली नाही. पण दुसऱ्या वाहिनीत बसलेल्या निर्मात्याच्या मनावर ती परिणाम करतेच, आणि भीती अशीच पसरते.

सरकार वाहिनीचा परवाना काढून घेऊ शकते का?

केंद्रीय दळणवळण आयोग, म्हणजे एफसीसी, परवाना देतो तो स्थानिक प्रसारण केंद्रांना, एबीसी किंवा सीबीएससारख्या नेटवर्कला नाही. परवान्याची मुदत आठ वर्षे असते आणि मजकूर आवडला नाही म्हणून नूतनीकरण नाकारणे कायद्यात बसत नाही. केबल आणि स्ट्रीमिंगला असा परवाना लागतच नाही. म्हणूनच तिथली भाषा अधिक मोकळी असते.

खरा दाब वेगळ्या वाटेने येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एफसीसीच्या अध्यक्षांनी एबीसीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमाचे विनोदवीर जिमी किमेल यांच्या विधानांवरून कारवाईचा सूचक इशारा दिला. त्यानंतर नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या केंद्रमालक कंपन्यांनी कार्यक्रम दाखवणे थांबवले आणि एबीसीने १७ सप्टेंबरला तो स्थगित केला. नेक्सस्टारला तेव्हा टेग्ना ही कंपनी विकत घेण्यासाठी याच आयोगाची मंजुरी हवी होती. प्रेक्षकांतून आणि कलाकारांतून मोठा विरोध झाला आणि २३ सप्टेंबरला कार्यक्रम परत आला. परवाना एकाही केंद्राचा गेला नव्हता.

दुसऱ्या वाहिनीचे फुटेज परवानगीशिवाय वापरता येते का?

बऱ्याचदा येते. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७ मध्ये ‘फेअर यूज’ची, म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची, तरतूद आहे. न्यायालय चार गोष्टी पाहते: वापर कशासाठी केला, मूळ कृती कोणत्या प्रकारची आहे, किती भाग घेतला, आणि मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम होतो. ‘३० सेकंदांपर्यंत चालते’ असा नियम सगळे सांगतात. तो कायद्यात कुठेही नाही.

कामाची पद्धत अशी ठेवा. प्रत्येक क्लिपसाठी तक्त्यात एक ओळ: चित्रपटातली वेळ, क्लिपची लांबी, मूळ स्रोत, मालक आणि ‘ही इथे का आहे’ याचे एका वाक्यातले उत्तर. ‘सिनेटरने २०१६ मध्ये हेच नाकारले होते हे दाखवण्यासाठी’ हे उत्तर चालते. ‘दृश्य छान आहे’ हे चालत नाही, त्या क्लिपचे पैसे मोजा किंवा ती काढा. मुद्दा सिद्ध झाल्यावर क्लिप थांबवा. फेअर यूजची बाजू सगळ्यात जास्त लंगडी पडते ती पार्श्वसंगीतात. पात्राच्या घरात रेडिओवर लागलेले गाणे ओघाने आले तर ठीक, पण तेच गाणे संकलनात पुढच्या तीन दृश्यांवर पसरवलेत की तो परवाना घेण्याचा विषय झाला.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींवर कलम १०५ प्रमाणे कॉपीराइट नसतो. अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांतले चित्रीकरण सरकारी कॅमेऱ्यांचे असते, ते मोकळेपणाने वापरा. मात्र समित्यांच्या सुनावण्या सी-स्पॅन या संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या खासगी वाहिनीने स्वतःच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या असतील, तर त्यावर त्यांचा हक्क असतो. हा फरक नवखे लोक हमखास विसरतात.

सत्ताधीशाला त्याच्याच तोंडून उघडे पाडणे हा या कलेतला सर्वांत प्रभावी प्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ९ मार्च १९५४ ला सीबीएसचे पत्रकार एडवर्ड मरो यांनी कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थींवरचा कार्यक्रम मुख्यतः मॅकार्थींच्याच भाषणांच्या तुकड्यांवर उभा केला. माहितीपटकार एमिल डी अँटोनिओ यांनी मॅकार्थी-लष्कर सुनावणीच्या सुमारे १८८ तासांच्या टीव्ही फुटेजमधून १९६४ मध्ये निवेदकाविना पूर्ण लांबीचा चित्रपट काढला.

एखाद्या गाण्याची किंवा चित्रपटाची नक्कल करून राजकारण्यावर टीका केली तर?

इथे जपून. १९९४ च्या कॅम्पबेल निकालाने व्यावसायिक विडंबनालाही फेअर यूजचा आधार दिला, पण नक्कल ज्या कृतीची करता तिच्यावरच शेरा मारत असाल तर बाजू भक्कम असते. लोकप्रिय गाण्याची चाल उचलून तिसऱ्याच माणसावर टीका केली, तर ‘हेच गाणे का घेतले?’ याचे उत्तर द्यावे लागते. २०२३ च्या वॉरहोल निकालानंतर हा प्रश्न आणखी कडक झाला आहे. नवी चाल बांधून घेणे स्वस्त पडते.

‘ई अँड ओ’ विमा म्हणजे काय आणि तो कधी घ्यायचा?

‘एरर्स अँड ओमिशन्स’, म्हणजे बदनामी, खासगीपणाचा भंग, कॉपीराइट अशा दाव्यांपासून निर्मात्याला आणि वितरकाला वाचवणारा हा विमा. बहुतेक वितरक एका दाव्याला १० लाख आणि एकूण ३० लाख डॉलर्सचे कवच मागतात. मुदत साधारण तीन वर्षे असते. दाव्याच्या खर्चातली आधीची ठरावीक रक्कम तुम्हीच भरायची असते, ती बहुधा १० ते २५ हजार डॉलर्स.

विमा कंपनीला लागतात: शीर्षकाचा शोध-अहवाल, सर्व रिलीज फॉर्म (चित्रपटात दिसणाऱ्यांची लेखी संमती), संगीताचे परवाने, फुटेजचा तक्ता आणि त्यातल्या फेअर यूजबद्दल वकिलाचे लेखी मत. २००५ मध्ये माहितीपटकारांच्या संघटनांनी फेअर यूजच्या चांगल्या प्रथांचे निवेदन काढले, तोवर विमा कंपन्या असे फुटेज मान्यच करत नसत. दोनेक वर्षांत त्यांनी भूमिका बदलली.

लोक चुकतात ते वेळेत. चित्रपट महोत्सवात निवडला गेल्यावर विम्यासाठी धावाधाव सुरू होते आणि तेव्हा वकील म्हणतो, ‘हे दृश्य काढा.’ पहिला ढोबळ कट तयार होताच वकिलाला दाखवा. दावा येण्याची चिन्हे दिसू लागल्यावर अर्ज केला, तर विमा एकतर मिळत नाही किंवा नेमका तोच दावा वगळून मिळतो.

प्रत्येकाकडून रिलीज फॉर्म घ्यावा लागतो का?

जाहीर सभेत बोलणाऱ्या आमदाराकडून नाही. बसून मुलाखत देणाऱ्याकडून, घरात चित्रीकरण केलेल्याकडून, आणि कोणाला फसवून कॅमेऱ्यासमोर आणले असेल तर त्याच्याकडून नक्कीच. अलाबामाचे माजी न्यायाधीश रॉय मूर यांनी विनोदी अभिनेते साशा बॅरन कोहेन यांच्यावर ९.५ कोटी डॉलर्सचा दावा लावला होता. बनावट पुरस्काराच्या निमित्ताने त्यांना बोलावून खिल्ली उडवली होती. पण मूर यांनी सही केलेल्या फॉर्ममध्ये दाव्याचे हक्क सोडलेले होते. २०२१ मध्ये दावा फेटाळला गेला, २०२२ मध्ये अपीलही.

सही मुलाखत सुरू होण्याआधी घ्या. संपल्यावर मागितलीत तर घाम फुटलेला अधिकारी निघून जातो. सोबत कॅमेऱ्यावर नाव आणि संमती बोलून घ्या. फॉर्ममध्ये संकलनाचा अधिकार, सर्व माध्यमे, सर्व देश आणि प्रदर्शन थांबवण्याची मागणी करणार नाही हे कलम हवे.

जो माणूस संमती देण्याच्या स्थितीतच नाही, त्याच्या बाबतीत मात्र कागद पुरत नाही. फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) मॅसॅच्युसेट्समधल्या गुन्हेगार मनोरुग्णांच्या सरकारी संस्थेतला छळ दाखवतो. रुग्णांच्या खासगीपणाच्या कारणावरून त्यावर बंदी आली आणि सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी ती १९९१ मध्ये उठली. सरकारने स्वतःची अब्रू वाचवायला रुग्णांची ढाल केली, असे आम्हाला वाटते. तरीही त्या रुग्णांना ‘हो’ म्हणता येत होते का, हा प्रश्न खरा आहे. उपहासाचा रोख सत्तावानावर राहू द्या. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला हास्यास्पद करून पुढच्या दृश्याकडे जाऊ नका.

छुपे ध्वनिमुद्रण चालते का?

केंद्रीय कायद्यात संभाषणातल्या एका व्यक्तीची, म्हणजे तुमचीच, संमती पुरते. पण कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, मेरिलँड, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत खासगी संभाषणाला सर्वांची संमती लागते. फोनवर दोन माणसे दोन राज्यांत असतील, तर कडक कायदा धरून चाला. सार्वजनिक जागी कर्तव्यावरच्या पोलिसांचे चित्रीकरण करण्याचा हक्क अनेक केंद्रीय अपील न्यायालयांनी मान्य केला आहे. बोस्टनच्या घटनेवरचा २०११ चा ग्लिक निकाल त्यात महत्त्वाचा. अंतर ठेवा, मागे सरकायला सांगितले तर सरका, आणि कॅमेरा चालू ठेवा.

सरकारी कागदपत्रे कशी मिळवायची?

१९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा, म्हणजे ‘फोया’. आपल्याकडच्या माहिती अधिकारापेक्षा वेग कमी, पण जुन्या फायलींसाठी फार उपयोगी. योग्य खात्याला अर्ज करा. कागदाचा प्रकार, तारखांची मर्यादा आणि विभाग नेमके लिहा. ‘या विषयावरचे सगळे काही’ असे लिहिलेला अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो. माध्यम-प्रतिनिधी म्हणून वर्गवारी मागा, मग शोधाचे शुल्क पडत नाही आणि पहिल्या १०० पानांच्या प्रतीही फुकट. शुल्कमाफीची मागणी वेगळ्या परिच्छेदात करा.

उत्तराची मुदत २० कामाचे दिवस. ती पाळली जाईल असे गृहीत धरून चित्रीकरणाचे वेळापत्रक आखू नका. नकार आला तर अपीलाला किमान ९० दिवस मिळतात. मुदत उलटून उत्तरच नसेल, तर थेट न्यायालयात जाता येते. एफबीआयकडून मृत व्यक्तीची फाइल मागताना मृत्यूचा पुरावा जोडा, छापील मृत्युलेखाची प्रत चालते. नऊ अपवादांखाली ओळी काळ्या करून येतात. ती काळी पाने पडद्यावर दाखवा, प्रेक्षकाला ती फार काही सांगतात. संसद आणि न्यायालये या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत.

कच्चे फुटेज न्यायालयाला द्यावे लागते का?

लागू शकते. शेव्हरॉन कंपनी आणि एक्वाडोरमधल्या तेल-प्रदूषणाच्या खटल्यावरच्या ‘क्रूड’ (२००९) चित्रपटाचे ६०० तासांहून अधिक न वापरलेले फुटेज कंपनीने मागितले. अपील न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिग्दर्शक जो बर्लिंजर यांच्या विरोधात निकाल दिला. कारण असे: चित्रपटाची कल्पना फिर्यादींच्या वकिलाकडून आली होती आणि निर्माता स्वतंत्र होता हे दिसले नाही. पत्रकाराचे संरक्षण स्वातंत्र्यावर अवलंबून असते. म्हणून ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, संकलनाचा अंतिम अधिकार तुमचाच आहे हे करारात लिहा, आणि ‘तुमच्या सूचनेवरून दृश्य काढले’ असे ईमेल लिहायची वेळ येऊ देऊ नका.

१९७५ मध्ये उलटे घडले. वेदरमन या भूमिगत जहाल डाव्या गटाच्या मुलाखती घेणाऱ्या डी अँटोनिओ, हॅस्केल वेक्सलर आणि मेरी लॅम्प्सन यांना फुटेजसाठी समन्स आले. हॉलिवूडमधली मोठी नावे जाहीरपणे पाठीशी उभी राहिली आणि सरकारने समन्स मागे घेतले. समन्स आल्यावर एकही फाइल पुसू नका. तो वेगळा गुन्हा ठरतो.

सीमेवर साहित्य तपासतात का?

हो, विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी वॉरंटविना उपकरणे तपासू शकतात. माहितीपटकार लॉरा पॉइट्रास यांना २००६ ते २०१२ दरम्यान ५० हून अधिक वेळा अडवले गेले. पुढे त्या बर्लिनला राहायला गेल्या आणि तिथून पाळतखोरीवरचा ऑस्कर-विजेता चित्रपट पूर्ण केला. प्रवासाआधी फुटेज कूटबद्ध करा, तीन प्रती तीन जागी ठेवा, त्यातली एकही तुमच्या बॅगेत नको. फोन पूर्ण बंद करून रांगेत उभे राहा. संरक्षण मागितलेल्या सूत्राचे नाव फोनच्या यादीत असूच नये.

निवडणुकीच्या तोंडावर प्रदर्शित केले तर अडचण येते का?

‘फॅरनहाइट ९/११’च्या जाहिरातींविरुद्ध सिटिझन्स युनायटेड या पुराणमतवादी संस्थेने २००४ मध्ये निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. ती फेटाळली गेली. मग त्या संस्थेने स्वतःच हिलरी क्लिंटन यांच्यावर चित्रपट काढला, त्याच्या प्रसारणावरून सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २१ जानेवारी २०१० ला ५-४ ने जिंकली. त्या निकालाने कंपन्यांच्या निवडणूक-खर्चाचे दरवाजे उघडले. आजच्या अमेरिकी राजकारणातला एवढा मोठा बदल एका माहितीपटाच्या वादातून आला.

छोट्या निर्मात्याने एवढे पाहावे: पैसा करमुक्त धर्मादाय संस्थेमार्फत आला असेल, तर त्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करता येत नाही. शेवटच्या पाटीवर ‘अमुकला मत देऊ नका’ लिहिलेत, तर तिचा दर्जा धोक्यात येतो.

माहितीपट कोसळतात ते कुठे?

घटनाक्रमात. मायकेल मूर यांच्या १९८९ च्या, जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यांवरच्या ‘रॉजर अँड मी’वर सर्वांत टिकलेली टीका जनरल मोटर्सची नव्हती. फ्लिंट या कारखान्यांच्या शहरातल्या घटनांचा क्रम बदलल्याचा आक्षेप एका चित्रपट-मासिकाने घेतला आणि तो आजही उगाळला जातो. कारखाने बंद पडून लोक देशोधडीला लागले हे खरेच होते, तरी विरोधकांना बोट ठेवायला जागा मिळाली. टिपणांसह संहिता करा: प्रत्येक विधानासमोर दोन स्वतंत्र पुरावे, प्रत्येक दृश्यासमोर चित्रीकरणाची तारीख. क्रम हलवला असेल तर पडद्यावर वर्ष लिहा.

पैसा कुठून येतो?

सार्वजनिक वाहिन्यांचा आधार आटला आहे. जुलै २०२५ मध्ये संसदेने सुमारे १.१ अब्ज डॉलर्स काढून घेतले आणि १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाने गाशा गुंडाळायला सुरुवात केली. आता खासगी प्रतिष्ठाने, प्रेक्षकांची वर्गणी आणि शैक्षणिक विक्री. अंदाजपत्रकात वकील आणि विमा या ओळी पहिल्या दिवसापासून धरा.

व्हिसावर असलेल्या मराठी माणसाने यात पडावे का?

माहितीपटकार आनंद पटवर्धन विद्यार्थिदशेत ब्रँडाइस विद्यापीठात असताना व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळीत होते. अमेरिकेत राहणाऱ्या परक्या नागरिकालाही अभिव्यक्तीचे संरक्षण आहे, हे १९४५ च्या ब्रिजेस निकालापासून मान्य आहे. पण व्हिसा हा वेगळा प्रांत. २०२५ मध्ये एका परदेशी विद्यार्थिनीला विद्यापीठाच्या वृत्तपत्रातल्या सहलेखनानंतर ताब्यात घेतले गेले, आणि जूनपासून विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यम खाती खुली ठेवायला सांगितले जाते.

एच-१बीवर तुम्ही फक्त त्या मालकासाठी काम करू शकता. बाहेर दिग्दर्शनाचे मानधन घेतले तर दर्जा मोडतो. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेला चित्रपट सुरक्षित, मोबदल्याचा नाही. पुण्या-मुंबईहून माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी येणाऱ्यांनी पर्यटक व्हिसावर येऊ नये. माध्यमांसाठीचा ‘आय’ व्हिसा घ्यावा आणि निर्मिती संस्थेचे पत्र, चित्रीकरणाची ठिकाणे व उपकरणांची यादी सोबत ठेवावी.